डायव्हिंगला जोडीने जाणाऱ्यांनी आधी हे वाचावे

प्रति,
संपादक,

महोदय,

सुट्ट्या जवळ आल्या की पर्यटनाच्या पानांवर एक मजकूर हमखास झळकतो. लहानसे बेट, दहा-बारा खोल्यांचे रिसॉर्ट, पायरी उतरली की निळे पाणी, आणि 'दोघांसाठी समुद्राखालची अविस्मरणीय सफर'. शेवटी एक ओळ असतेच : 'पोहता येत नसले तरी चालेल.' स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली पोहणे, शिकवणे हाच आमचा व्यवसाय आहे, त्यामुळे लोक या छंदाकडे वळत आहेत याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण किती खोल जायचे, किती हवा उरली की परत फिरायचे, परतीचे विमान कधीचे घ्यायचे, यातले काहीच त्या मजकुरात नसते. आपल्या वाचकांपैकी काही जोडपी लवकरच अशा ठिकाणी जाणार असतील. पत्र लांबले आहे, तरी त्यांच्यासाठी ते पूर्ण छापावे ही विनंती.

आमचा मुद्दा एकच आहे. पाण्याखाली प्रत्येक डायव्हरला एक 'बडी' असतो. बडी म्हणजे ज्याच्याकडे आपली दुसरी हवा असते आणि ज्याचे लक्ष आपल्यावर असते तो. नवरा-बायको आपोआप चांगले बडी होतात अशी समजूत आहे, आणि ती चुकीची आहे. एकाने ठरवायचे आणि दुसऱ्याने 'हो' म्हणायचे, एकाने सामान भरायचे आणि दुसऱ्याने तिकिटे सांभाळायची, ही वाटणी घरात चालून जाते. पाण्याखाली ती धोक्याची ठरते. तिथे दोघांनाही सगळे यावे लागते, आणि नकोसे वाटले तर दोघांपैकी कोणालाही 'नाही' म्हणता यावे लागते.

आधी पात्रतेचे. रिसॉर्टवर दोन वेगळ्या गोष्टी मिळतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक म्हणजे अर्ध्या दिवसाची ओळख-डाइव्ह. त्यात प्रशिक्षक सतत हाताच्या अंतरावर असतो, खोली जास्तीत जास्त १२ मीटर, आणि त्यानंतर स्वतंत्रपणे डाइव्ह करण्याची पात्रता मिळत नाही. दुसरा म्हणजे तीन-चार दिवसांचा ओपन वॉटर कोर्स. तो पूर्ण झाला की आपल्यासारख्याच प्रमाणित बडीबरोबर १८ मीटरपर्यंत जाता येते. या कोर्ससाठी पोहता यावेच लागते. साधारणपणे न थांबता २०० मीटर पोहणे आणि १० मिनिटे तरंगून राहणे एवढी परीक्षा असते. वेगाला महत्त्व नसते. 'पोहता येत नसले तरी चालेल' हे फार तर ओळख-डाइव्हला लागू आहे, आणि तिथेही पाण्याची धास्ती असलेल्याने आधी काही दिवस तरणतलावात काढावेत असे आमचे मत आहे. सुट्टी मोजक्या दिवसांची असेल तर थिअरी आणि तलावातले धडे घराजवळच उरकून समुद्रातल्या चार डाइव्ह तेवढ्या रिसॉर्टवर करता येतात. त्याची कागदपत्रे मात्र दोन्हीकडच्या प्रशिक्षकांशी बोलून निघण्यापूर्वी तयार ठेवावीत.

खरा घोळ होतो तो दोघांपैकी एकाकडे प्रमाणपत्र असते आणि दुसऱ्याकडे नसते तेव्हा. 'फक्त पाच मीटरवर जाऊन येऊ, मी आहे ना' हे वाक्य आम्ही असंख्य वेळा ऐकले आहे. पाच मीटर म्हणजे उथळ आणि उथळ म्हणजे सुरक्षित, असा त्यामागचा हिशेब असतो. तो उलटा आहे. पृष्ठभागावर दाब १ धरला तर १० मीटरवर तो २ होतो, २० वर ३, ३० वर ४. म्हणजे ३० मीटरवरून २० वर येताना फुप्फुसातली हवा एक तृतीयांशाने फुगते, तर १० मीटरवरून वर येताना ती दुप्पट होते. सर्वांत मोठा बदल वरच्या थरातच होतो. सिलिंडरमधून छाती भरून श्वास घेतला आणि तो रोखून धरला, तर जेमतेम दीड मीटरवरून वर येतानाही फुप्फुसाला इजा होऊन हवेचे बुडबुडे रक्तात शिरू शकतात. घाबरलेला नवखा माणूस नेमके हेच करतो : श्वास धरतो आणि वर झेपावतो. त्याला थोपवणे हे प्रशिक्षकाचे काम आहे, कितीही प्रेमळ असला तरी जोडीदाराचे नाही.

वैद्यकीय प्रश्नावली रिसॉर्टच्या काउंटरवर, बोट सुटायच्या घाईत, एकमेकांच्या कागदात डोकावत भरली जाते. तसे करू नये. ती आधी मागवून घ्यावी, महिनाभर अगोदर घरी बसून भरावी, आणि कुठेही 'हो' आले तर डाइव्हिंगची जाण असलेल्या डॉक्टरांची सही घेऊन जावे. दमा, हृदयविकार, फिट्स, फुप्फुस एकदा मिटलेले असणे, कानाची शस्त्रक्रिया, नुकतेच झालेले कोणतेही ऑपरेशन, यांतले काही लपवले तर नुकसान आपलेच होते. बडीचाही जीव त्यात अडकतो. गरोदरपणात डाइव्ह करू नये, आणि दिवस राहिल्याची शक्यता असेल तरीही नको. दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात विरघळतो, आणि गर्भावर त्याचा काय परिणाम होईल याची सुरक्षित मर्यादा ठरवता आलेली नाही. अशा वेळी मास्क-स्नॉर्कल घेऊन पृष्ठभागावरून प्रवाळ पाहावे. उथळ प्रवाळावर तेही सुंदर दिसते. मलेरियाच्या भागात जाणार असाल तर डॉक्टरांना डाइव्हिंगबद्दल आवर्जून सांगावे, कारण मेफ्लोक्विनसारख्या गोळ्यांनी चक्कर आणि अस्वस्थता येऊ शकते आणि ती लक्षणे डाइव्हिंगच्या आजाराशी (वर येताना विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन होणाऱ्या) गफलत करणारी असतात.

आता रिसॉर्टचे. लहान रिसॉर्ट असण्यात गैर काही नाही. गर्दी नसते, प्रशिक्षक नावाने ओळखतो, बोटीवर सहा-आठच माणसे असतात. मात्र तीन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्यात. पहिली, कॉम्प्रेसर, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरणारे यंत्र. वीज डिझेल जनरेटरवर असते आणि कॉम्प्रेसर बऱ्याचदा त्याच शेडमध्ये बसवलेला असतो. कॉम्प्रेसर हवा ज्या नळीने ओढतो तिचे तोंड जनरेटरच्या धुरापासून दूर आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला हवे. धूर आत गेला की सिलिंडरमध्ये कार्बन मोनॉक्साइड भरला जातो. त्याला वास नसतो, आणि खोलवर दाब वाढतो तसा त्याचा विषारीपणाही वाढतो. श्वासाच्या हवेसाठीच्या युरोपीय मानकात त्याची मर्यादा दहा लाख भागांत फक्त ५ भाग एवढी आहे. हवेच्या तपासणीचा अहवाल आणि फिल्टर बदलल्याची नोंदवही दाखवा म्हटले की चांगला चालक लगेच दाखवतो. पहिल्याच श्वासाला तेलाचा किंवा जळका वास आला तर तो सिलिंडर परत करावा. पाण्याखाली अकारण डोके दुखू लागले, मळमळले, तर डाइव्ह तिथेच संपवावी आणि बडीच्या सिलिंडरचीही चौकशी करावी, कारण दोन्ही एकाच कॉम्प्रेसरवर भरलेले असतात.

दुसरी गोष्ट ऑक्सिजन. 'आहे' एवढ्या उत्तरावर थांबू नये. पेटी उघडून काटा पाहावा, मास्क जोडलेला आहे का ते पाहावे आणि सोपा गुणाकार करावा. अपघातात मिनिटाला साधारण १५ लिटर ऑक्सिजन लागतो. दोन लिटरच्या छोट्या बाटलीत २०० बारला (बार हे दाबाचे माप; पृष्ठभागावरचा दाब साधारण १ बार) ४०० लिटर मावतो, म्हणजे तो २७ मिनिटांत संपतो. सर्वांत जवळचे रिकम्प्रेशन चेंबर (डाइव्हिंगच्या आजारावर रुग्णाला पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करायची खोली) तीन तासांवर असेल तर २,७०० लिटर ऑक्सिजन लागेल. मग विचारावे की उरलेला कुठून येणार. याचे उत्तर आधीपासून ठरलेले असेल तर ते ठिकाण जबाबदार आहे असे समजायला हरकत नाही.

तिसरी, बोटीवरची हजेरी. जानेवारी १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एक अमेरिकी दांपत्य पाण्याखाली असताना बोट त्यांना तिथेच सोडून निघून आली. माणसे मोजण्यात चूक झाली होती. बोटीवर त्यांची बॅग राहिलेली दिसली आणि दोन दिवसांनी शोध सुरू झाला. ते दोघे कधीच सापडले नाहीत. जोडीने जाणाऱ्यांच्या बाबतीत ही भीती जरा जास्तच आहे. एकट्याची आठवण इतर कोणाला तरी येते. जोडपे नाहीसे झाले की 'ते दोघे पलीकडे बसले असतील' असे वाटून जाते. म्हणून डोकी मोजणारी नव्हे, तर नाव घेऊन प्रत्येकाकडून 'हजर' ऐकणारी बोट हवी. आणि प्रत्येकाच्या खिशात, दोघांत मिळून एक नव्हे, शिटी आणि फुगवायची रंगीत नळी असावी. लाटांतून माणसाचे डोके शंभर मीटरवरूनही दिसत नाही. दीड मीटर उंच नारिंगी नळी दिसते.

सामानात स्वतःचे काय न्यावे? आमचे उत्तर : मास्क. बाकी भाड्याने चालेल. मास्कचा पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवावा, नाकाने हलका श्वास आत ओढावा आणि हात सोडावा. मास्क चिकटून राहिला तर तो आपल्या चेहऱ्याचा. जोडीदाराला बसलेला मास्क आपल्याला बसेलच असे नाही, म्हणून एकाच रंगाची जोडी घेण्याचा हट्ट नको. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला तेलकट थर असतो. साध्या पांढऱ्या टूथपेस्टने काच आतून बोटाने घासून दोन-तीनदा धुतल्याशिवाय तो जात नाही, आणि तो गेल्याशिवाय काचेवर वाफ धरणे थांबत नाही. त्यानंतर प्रत्येक डाइव्हपूर्वी थुंकी किंवा लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब पुरतो. दाढी-मिशीमुळे वरच्या ओठापाशी पाणी झिरपते, आणि टोपीची कडा किंवा केसांची बट मास्कच्या कडेखाली गेली तरी झिरपते. वाटते मास्क बिघडला. खरे तर एक केस निघाला की काम होते.

पाण्याखाली राहता यावे म्हणून कमरेला बांधायच्या वजनाच्या पट्ट्यावरून होणारा गोंधळ प्रत्येक बोटीवर दिसतो. 'गेल्या वेळी याला सहा किलो लागले, तर हिला चार द्या' असा अंदाज करू नये. वजन शरीरातली चरबी, सूटची जाडी आणि सिलिंडरचा धातू यांवर ठरते. पाण्यात उभे राहून अंगातल्या फुगवता येणाऱ्या जॅकेटमधली सगळी हवा काढावी, नेहमीइतका श्वास घेऊन धरावा. पाणी डोळ्यांच्या रेषेत आले आणि श्वास सोडल्यावर हळूहळू बुडू लागलात तर वजन बरोबर आहे. हे भरलेल्या सिलिंडरने तपासले असेल तर वर आणखी दोन किलो घ्यावे. कारण हवेलाही वजन असते : भरलेल्या सिलिंडरमध्ये अडीच किलोंहून जास्त हवा असते आणि डाइव्हच्या शेवटी त्यातली सुमारे दोन किलो संपलेली असते. ॲल्युमिनियमचा रिकामा सिलिंडर वर ओढू लागतो आणि नेमके वर येताना नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून पाच मीटरवर थांबायच्या वेळी माणूस फुग्यासारखा वर निघतो. उलट वजन जास्त झाले तर जॅकेटमध्ये जास्त हवा भरावी लागते, पाय खाली लोंबतात, पायांतले पंख (फिन्स) प्रवाळावर आपटतात आणि हवा भराभर संपते. नवशिक्यांत हा दुसरा प्रकार जास्त.

पाण्यात उतरण्यापूर्वी बडीची तपासणी होते, आणि इथे जोडपी हटकून कमी पडतात. 'तू पाहिलेस ना?' 'हो, पाहिले.' असे न करता एकमेकांसमोर उभे राहावे. जॅकेट फुगते का, रिकामे होते का. वजनाची खीळ कुठे आहे आणि ती कुठल्या हाताने उघडते, हे दुसऱ्याच्या अंगावर हात लावून पाहावे. सगळी बकले लागली आहेत का. मग हवा : प्रेशर गेजच्या सुईवर डोळा ठेवून रेग्युलेटरमधून (तोंडात धरून श्वास घ्यायच्या भागातून) सलग चार श्वास घ्यावेत. सुई स्थिर राहिली तर ठीक. प्रत्येक श्वासाला ती २०-३० बार खाली जाऊन परत वर येत असेल, तर सिलिंडरची चावी जेमतेम उघडलेली आहे. वर बोटीवर ती हवा पुरते. १० मीटरवर दुप्पट लागते तेव्हा पुरत नाही. मग दुसऱ्याच्या पिवळ्या नळीच्या जादा रेग्युलेटरमधूनही एक-दोन श्वास घ्यावेत, कारण अडचणीत आपल्याला तोच तोंडात धरायचा आहे.

कान हा सुट्टी बिघडवणारा सर्वांत सामान्य विषय. खाली जाताना बाहेरचा दाब कानाचा पडदा आत ढकलतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकले की घशातून मधल्या कानात हवा जाते आणि दाब सारखा होतो. दुखू लागेपर्यंत थांबून मग फुंकणे ही नेहमीची चूक. दीड-दोन मीटरवरच घसा आणि मधला कान जोडणारी नळी दाबाने मिटते आणि मग कितीही जोर केला तरी उघडत नाही. जोर करून आतल्या कानाला कायमची इजा होऊ शकते. म्हणून पृष्ठभागावरच एकदा, मग दर अर्ध्या मीटरला, पाय खाली ठेवून, शक्यतो दोर धरून उतरावे. अडले तर एक मीटर वर यावे, पुन्हा प्रयत्न करावा. दोघांपैकी एकाचे कान चटकन उघडतात आणि दुसऱ्याचे सावकाश, हे अगदी नेहमीचे आहे. चटकन उतरणाऱ्याने खाली तळाशी जाऊन वाट पाहायची नाही. हळू उतरणाऱ्याच्या समोर, त्याच्याच पातळीवर, नजरेला नजर ठेवून उतरायचे. खाली कोणी ताटकळत उभे आहे या दडपणाखालीच माणूस कान दुखत असताना रेटत जातो. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह नाही. नाक मोकळे करणाऱ्या औषधाचा परिणाम अर्ध्यावर संपला की वर येताना हवा कानात कोंडते, आणि वर येणे तर टाळता येत नाही.

हवेच्या हिशेबावर आम्हाला सर्वांत जास्त जोर द्यायचा आहे, कारण प्राणघातक अपघातांची सुरुवात पुष्कळदा हवा संपण्यापासून होते. रिसॉर्टवरचा नेहमीचा ॲल्युमिनियम सिलिंडर ११ लिटरचा असतो आणि तो २०० बारपर्यंत भरतात. म्हणजे हवा २,२०० लिटर. शेवटचे ५० बार राखीव, म्हणून वापरायला १,६५०. एक जण पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेतो आणि दुसरी १५, असे धरू. १५ मीटरवर दाब अडीचपट, म्हणजे खर्च ५० लिटर आणि साडेसदतीस लिटर. पहिल्याची हवा ३३ मिनिटांत संपते, दुसरीची ४४ मिनिटांत. डाइव्ह कोणाच्या हिशेबाने? अर्थात ३३ मिनिटांच्या. जास्त हवा घेणाऱ्याला यात कमीपणा वाटतो, तो हवा वाचवायला श्वास अडवून धरतो, त्याने डोके ठणकते आणि हवा काही वाचत नाही. बडीनेच आधी सांगून टाकावे की तुझी सुई आपल्या दोघांची सुई. मोठे शरीर, थंडी, जास्त वजन, भराभर पाय मारणे आणि भीती या पाच गोष्टींनी हवा जास्त जाते. पहिली सोडली तर बाकीच्या चार सुधारता येतात. काहींना १५ लिटरचा सिलिंडर मिळू शकतो. आधी विचारून ठेवावे.

आता '५० बार राखीव' या सवयीकडे बारकाईने पाहा. समजा २० मीटरवर एकाचा रेग्युलेटर बंद पडला आणि दोघे एकाच सिलिंडरवर आले. घाबरलेला माणूस मिनिटाला सहज ३० लिटर घेतो, दोघांचे ६०. २० मीटरवर दाब तिप्पट, म्हणजे १८० लिटर. एकमेकांना धरून सावरायला एक मिनिट जाते : १८० लिटर. मिनिटाला ९ मीटर या वेगाने वर यायला सव्वादोन मिनिटे, सरासरी दुप्पट दाबाने : २७० लिटर. पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा, दीडपट दाबाने : आणखी २७०. बेरीज ७२० लिटर, म्हणजे ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये ६५ बार. तेव्हा ५० बार हा बोटीवर पोचतानाचा आकडा आहे, तळ सोडण्याचा नव्हे. आम्ही शिकवतो ते असे : २० मीटरच्या आसपास असाल तर १०० बारला परत फिरा, उथळ होत होत या, आणि ७० बारला वर यायला लागा. आणि दर पाच मिनिटांनी एकमेकांना आकडा विचारा. बोटांनी सांगायचे. 'ओके' ही खूण आकड्याच्या जागी चालत नाही, कारण 'ओके' लोक सवयीने करतात.

खुणांवरून आठवले. अंगठा वर म्हणजे 'छान' नव्हे. पाण्याखाली त्याचा एकच अर्थ : वर चला. उत्साहाच्या भरात कासव दाखवून अंगठा वर केला की समजूतदार बडी डाइव्ह संपवायला निघतो, आणि त्याचे काही चुकलेले नसते. ही खूण मिळाली की 'का' विचारायचे नाही, 'दोनच मिनिटे' म्हणायचे नाही. बोटीवर आल्यावरही रुसायचे नाही. आज 'अजून वेळ होता' असे ऐकावे लागले तर उद्या तो किंवा ती अंगठा दाखवायला कचरेल. डाइव्ह सुरू होण्यापूर्वी रद्द करण्यालाही हेच लागू आहे. पैसे भरलेत, बोट थांबलीय, जोडीदार हिरमुसेल, यातले एकही कारण पाण्यात उडी मारायला पुरेसे नाही.

आता दोघांमधल्या अंतराचे. श्वास सोडून झाल्यावर दोन-तीन पाय मारून ज्याच्यापर्यंत पोचता येईल तेवढे, म्हणजे दोन मीटर. शेजारी-शेजारी पोहावे, पुढे-मागे पोहले की पुढच्याला मागच्याचे काहीच दिसत नाही. हात धरून पोहायला हरकत नाही, पण मग दोघांचाही एक हात गुंतलेला असतो, म्हणून उतरताना आणि वर येताना तो मोकळा ठेवावा. कॅमेरा असेल तर एका डाइव्हला एकानेच घ्यावा, आणि ज्याच्याकडे कॅमेरा नाही त्याने खोली आणि वेळ पाहावी. चुकामूक झाली तर एक मिनिटच शोधायचे : गोल फिरून, वर बुडबुडे दिसतात का ते पाहून. मग सावकाश वर. दोघांनीही हेच केले तर चार-पाच मिनिटांत वर भेट होते. मायेपोटी एक जण खालीच शोधत राहिला तर वर आलेला घाबरून पुन्हा खाली जातो, आणि मग दोघेही एकटे आणि दोघांचीही हवा कमी.

डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजून आणखी किती वेळ खाली राहता येईल ते सांगणारे यंत्र) प्रत्येकाचा वेगळा हवा, आणि दिवसभराच्या सगळ्या डाइव्हना तोच. एकाच प्रवाळावर एक जण १८ मीटरवर आणि दुसरा १४ वर असतो. दोघांच्या शरीरात विरघळलेला नायट्रोजन सारखा नसतो, आणि दुसऱ्या डाइव्हचा हिशेब पहिलीवर उभा असतो. प्रचलित तक्त्यात १८ मीटरला पहिल्या डाइव्हसाठी जास्तीत जास्त ५६ मिनिटे आहेत, १२ मीटरला १४७ आणि ३० मीटरला फक्त २०. हे आकडे पाठ नसले तरी उतार किती तीव्र आहे ते लक्षात असावे. दोन कॉम्प्युटर वेगळे सांगत असतील तर जो कमी वेळ देतो त्याचे ऐकावे.

पाण्यातल्या जिवांबद्दल थोडक्यात. कशालाही हात लावू नका, गुडघे टेकू नका. तुमचा एक आधार प्रवाळाची वर्षानुवर्षांची वाढ मोडतो, आणि दगड वाटलेला कधी स्टोनफिश निघतो. त्याचा किंवा लायनफिशचा काटा लागला तर तो अवयव सोसवेल इतक्या गरम पाण्यात, जास्तीत जास्त ४५ अंश, ३० ते ९० मिनिटे बुडवून ठेवावा आणि सोबतच डॉक्टरांकडे जायची सोय लावावी. पाणी किती गरम आहे ते जोडीदाराने आपल्या हाताने पाहावे, जखमी हाताला भाजल्याचे कळत नाही. अंड्यांवर बसलेला मोठा ट्रिगरफिश अंगावर आला तर वर पळू नका. त्याची हद्द फनेलसारखी वर रुंदावत जाते. आडवे पोहून बाहेर पडा. उन्हासाठी लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घाला. पलाऊ देशाने तर २०२० पासून ऑक्सिबेन्झोनसारखी रसायने असलेल्या क्रीमवर बंदीच घातली आहे, आणि सदऱ्याने हा प्रश्नच उरत नाही.

शेवटी परतीचे विमान. आरक्षण करतानाच हे ठरवावे लागते म्हणून आम्ही ते ठळक छापण्याची विनंती करतो. विमानाच्या केबिनमधला दाब सुमारे २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावरच्या दाबाइतका कमी होऊ शकतो, आणि शरीरात उरलेला नायट्रोजन तिथे बुडबुडे धरतो. एकच साधी डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास, रोज किंवा दिवसाला अनेक डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास, आणि थांबे घेत वर यावे लागलेली डाइव्ह असेल तर त्याहून बराच जास्त वेळ जमिनीवर काढावा. आम्ही सरसकट २४ तास सांगतो. शेवटचा पूर्ण दिवस कोरडा ठेवावा. घाटातून गाडीने जायचे असेल तर तेही उंचीवर जाणेच आहे. प्रवासविम्यात डाइव्हिंग आणि चेंबरचा खर्च धरला आहे का, कितव्या मीटरपर्यंत, हे दोघांच्याही नावाने तपासावे.

आणि डाइव्हनंतरचे काही तास एकमेकांकडे नीट पाहावे. डीकम्प्रेशनचा आजार, म्हणजे वर सांगितलेला बुडबुड्यांचा आजार, बहुधा पहिल्या काही तासांत डोके वर काढतो : सांध्यात खोल ठणका, मुंग्या, अंगावर चट्टे, पायात बळ नसल्यासारखे चालणे, लघवी न होणे, किंवा डाइव्हच्या मानाने अवाजवी थकवा. ज्याला होतो तो बहुतेक वेळा नाकारतो. 'सिलिंडर उचलताना खांदा लचकला', 'ऊन लागले', 'झोप झाली नाही'. प्रशिक्षकाला हा माणूस एरवी कसा चालतो ते माहीत नसते. जोडीदाराला माहीत असते. तो तुम्हाला 'उगाच तमाशा करू नकोस' म्हणेल. तरी त्याला आडवे झोपवा, ऑक्सिजन मागवा, शुद्धीवर असेल तर पाणी पाजा, आणि ऑक्सिजनने बरे वाटले तरी डाइव्हिंगच्या डॉक्टरांना फोन होईपर्यंत मास्क काढू देऊ नका.

आपले,
दोन स्कूबा प्रशिक्षक